तुझ्या भाषणाची शाल

शिरोळ,
भाद्रपद वद्य द्वितीया

चि. सम्मेद,

जय जिनेंद्र. इथं आम्ही सगळे बरे आहोत. तुझ्या दाजींची, तात्यासोंची साखर वाढली होती, ती आता जागेवर आली. नदीचं पाणी यंदा आपल्या रानाच्या कडेला येऊन मागं फिरलं, ऊस वाचला. अपूर्वाला आणि मुलांना आशीर्वाद सांग. आदिती म्हणत होती, मामाला फोनच कर की. पण मी बोलायला लागले की तुझी मीटिंग लागते, म्हणून हातानं लिहिते आहे. ती फोटो काढून पाठवेल.

तुझा फ्लेक्स बस्तीच्या मंदिरासमोरच्या चौकात लागलाय. कोट-टायमधला तुझा फोटो आणि खाली "अमेरिकेच्या खासदारांना खडे बोल सुनावणारा आपल्या मातीतला वाघ". वाघाचंही चित्र आहे, तुझ्यापेक्षा मोठं. तू ग्रुपवर भाषणाचा व्हिडिओ टाकलास तेव्हापासून समाजाला तुझंच खूळ लागलंय. त्यातलं इंग्रजी कुणाला कळलं नाही. कोट कळला, माईक कळला, गोरे लोक टाळ्या वाजवतात ते कळलं. मलाही तेवढंच कळलं होतं, आणि खोटं कशाला सांगू, शेजारच्या शालूबाईला मी तो दोनदा दाखवला.

काल क्षमावाणीला सगळे एकमेकांची क्षमा मागतात, त्याच कार्यक्रमात तुझा सत्कार ठेवला होता. तू नाहीस तर बहिणीनं शाल घ्यावी, असं अध्यक्ष बाळगोंडाअण्णा घरी येऊन सांगून गेले. मी नव्या साडीला फॉल लावत बसले होते, तेव्हा आदितीनं तुझं भाषण पहिल्यापासून ऐकलं आणि मला मराठीत सांगितलं. सांगताना पोरीनं माझ्याकडं बघितलं नाही.

तू म्हणालास, आम्ही रांगेत उभे राहून कायद्यानं या देशात आलो. बिनकागदाच्या लोकांना तूर्त हाकलू नका, काम करू द्या, असा आदेश तुमच्या राष्ट्राध्यक्षांनी कुणाला न विचारता काढलाय, तो तुम्ही खासदारांनी हाणून पाडा. असल्या लोकांवर दया दाखवली तर आम्हा प्रामाणिक लोकांचा अपमान होईल. पुढच्या महिन्यात मत देताना हे ध्यानात ठेवा.

असले लोक म्हणालास. सम्मेद, गावात सगळ्यांना वाटतं माझा जिनेश अमेरिकेत मॅनेजर आहे. तसं मीच सांगितलंय. तो हॉटेलात भांडी घासतो आणि पोलिसांची गाडी दिसली की रस्ता बदलतो, हे आम्हा तिघांना आणि तुम्हा दोघांनाच माहीत. तो तिथं अडकला कसा, हे तर तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. तुझ्या पेट्रोल पंपावरच्या दुकानात माणूस टिकत नव्हता, म्हणून तू भाच्याला फिरायच्या व्हिसावर बोलावून घेतलंस. मुदत संपत आली तेव्हा, त्याला परत पाठव म्हणून मी फोनवर रडले. तू म्हणालास, "आक्का, कागदाचं मी बघतो. तू काळजी करू नको."

मामाचा शब्द, म्हणून मी गप्प बसले. तो तुझ्या गल्ल्यावर राबला, आणि तुझ्या नागरिकत्वाची मुलाखत जवळ आली तशी तू त्याला दुसरीकडं बघ म्हणालास. तेही मी गिळलं. आता त्याची बायको तिथं, तीही बिनकागदाचीच, पोरगी तिथं जन्मलेली. इकडं आला तर परत जाता येणार नाही, म्हणून येत नाही. हा आदेश टिकला तर हातात कामाचा कागद येईल, एकदा घरी येऊन जायची परवानगीही मिळेल, असं त्याला वकिलानं सांगितलंय. माझी नात मी अजून मांडीवर घेतलेली नाही. आणि तू तिथं कोट घालून सांगतोस की दया दाखवू नका. तुला लाज कशी वाटली नाही?

तरी मी काल गेले. दहा-दहा उपवास केलेल्या बायका खाली सतरंजीवर, आणि मी वर खुर्चीवर. शाल घातली, नारळ दिला. बाळगोंडाअण्णांनी माईक पुढं केला. आभारी आहे, एवढंच म्हणायचं ठरवून गेले होते, पण ते तोंडातून येईना. मग मी म्हणाले, "माझ्या भावानं हे भाषण माझ्या पोराला हाकलून द्या म्हणून केलंय. माझा जिनेश मॅनेजर न्हाय. त्याच्याजवळ तिथं कागद न्हाईत. त्याला तिथं ठिवून घेतला तो ह्याच भावानं." शाल खुर्चीवर ठेवली आणि खाली जाऊन बसले. शालूबाईनं सरकून जागा दिली.

घरी येताना तात्यासो चिडतील असं वाटत होतं. ते म्हणाले, "बरं केलंस. उद्यापासनं घास तरी उतरंल."

आज सकाळी ग्रुपवर तुझं "उत्तम क्षमा" बघितलं. सगळ्यांना मिळून एकच. बांधावरून आम्हाला कोर्टात ओढणाऱ्या चुलत दिरापुढंसुद्धा मी काल हात जोडले. तुझ्यापुढं जोडणार नाही. हे धर्मात बसत नसेल तर पाप माझ्या माथ्यावर.

मतदानाला अजून दिवस आहेत. त्याच खासदारांपुढं परत जा. कोट हवा तर कोट घाल. जिनेशचं नाव घेऊ नकोस, त्याला धरतील. तुझं घे. सांग की असला एक माणूस मीच आणला, माझ्या दुकानात राबवला आणि माझे कागद होताना बाहेर काढला. तुला त्रास होईल हे मला कळतं. माझी इथं जेवढी अब्रू होती तेवढी मी काल माईकपुढं ठेवून आले. तुझी तिथं किती आहे ते तू बघ.

जमणार नसेल तर भाऊबीजेला व्हिडिओ कॉल लावू नकोस. माझ्या ताटात तुझ्यासाठी निरांजन नसेल.

जिनेशची आई,
रत्नाबाई