तेव्हा डॉक्टर काय म्हणाले होते

प्रिय सुनंदाची माय,

फार उशिरा लिहितोय, माफ कर. तुला जाऊन सहा वर्षं झाली. सातवी नापास माणसाचा हात लिहायला लवकर वळत नाही. पण खरं कारण ते नाही. भीती वाटत होती. आज मात्र राहवत नाही.

आपल्या सुनंदाला ऐकू येऊ लागलं!

तुझ्यासारख्याच गाठी तिच्याही दोन्ही कानांच्या नसांवर निघाल्या. डावी नस गेली. उजवीकडची गाठ काढताना डॉक्टरांनी नस वाचवली आणि त्याच वेळी कानाच्या आत ऐकायचं मशीन बसवलं. महिन्याभरानं ते सुरू केलं, तर ती रडायलाच लागली. "बाबा, सारे डब्यातून बोलून राह्यले!"

सराव करा म्हणाले. म्हणून सध्या ती माहेरीच आहे. तिला ओठ दिसू नयेत म्हणून मी उपरण्यानं तोंड झाकतो आणि नातवाच्या पुस्तकातले शब्द वाचतो. अडखळत! ती म्हणते, "मले समजत नाही का तुमाले वाचता येत नाही, हेच कळत नाही बाप्पा!"

काल पुस्तक मिटून मी उपरण्याआडूनच पुटपुटलो, "दूध उतू जाऊन राह्यलं वाटते." तर ही उठून गॅस बंद करून आली!

मी हसलो, आणि लगेच तू आठवलीस.

नांदुऱ्याच्या बाजारात गिऱ्हाईक हाका मारायचं, तू भाजीवरून मान वर करायची नाहीस. मी चारचौघांत खेकसायचो, "काऊन, कानात बोळे घातले का?" लसणाचं तेलही मीच ओतलं. तू बिचारी गिऱ्हाइकाची बोटं पाहून भाव करायला शिकलीस.

पण त्याहून मोठं सांगायचं आहे. तुझ्या डोक्याचा फोटो पाहून डॉक्टर तुझ्यासमोरच म्हणाले होते, "हा आजार लेकरांत उतरू शकतो. मुलीला तपासून घ्या." तू विचारलंस, "काय म्हणे डागदर?" मी नुसती गोळी गिळायची खूण केली, जणू औषधच सांगितलं. सुनंदाची सोयरीक जुळत होती गं! ती मोडेल म्हणून मी गप्प बसलो. तुलाही सांगितलं नाही, तिलाही नाही. वेळेवर तपासलं असतं तर डावा कानही वाचला असता का?

तिला ऐकू येत नव्हतं, तोवर गप्प राहणं सोपं होतं.

सोमवारी ती सासरी परत निघेल. त्याआधी तिला सगळं सांगेन. चिठ्ठी लिहून नाही, तोंडानं सांगेन. हे वचन.

ती मला बाबा म्हणणं सोडेल का? तू रागावलीस का? काय असेल ते कळव. लवकर कळव, सोमवारच्या आत.

तुझा,
किसन