उतरा म्हणायचा मान

ता. २ मार्च

चि. धाकट्यास अ. आ.

वास येतोय तोवर काठावर थांबायचं, वास मेला की उतरायचं. आप्पांचं हे वाक्य तुला आठवतं का? तू तेव्हा नुकता माझ्या कडेवरून उतरून पळायला शिकला होतास. डबा द्यायला आपण पुठ्ठ्याच्या गिरणीत गेलो होतो आणि लगद्याच्या हौदाशी उभे राहून आप्पा एका नव्या गड्याला हे शिकवत होते. आपल्या बापाला जगातलं सगळं कळतं, असं मला त्या दिवशी वाटलं होतं.

परवा एका कारखान्यात शिकवताना मी कामगारांना विचारलं, की टाकीत उतरणं सुरक्षित आहे हे तुम्ही कसं ओळखता? एक जण छाती काढून उठला आणि त्याने हेच वाक्य म्हटलं, जवळजवळ शब्दाला शब्द. ते चूक आहे हे सांगायलाच तर मी गेले होते, पण डोळ्यांपुढे आप्पा उभे.

नीट वाच. साचलेल्या लगद्यात जो गॅस धरतो तो थोडा असला की सडक्या अंड्यासारखा वास येतो. तो वाढला की आधी नाक मारतो. वास जातो, गॅस तिथेच असतो. माणसाला वाटतं हवा साफ झाली, आणि तो शिडीवर पाय ठेवतो. शिवाय गाळात पाऊल पडलं की खाली कोंडलेला गॅस एकदम वर उसळतो. पहिला पडतो, त्याला काढायला दुसरा उतरतो, दुसऱ्याला काढायला तिसरा.

यंदा तुमची गिरणी बरीच बंद आहे म्हणे. हौद कधी साफ करणार आणि पहिलं कोण उतरणार, ते लगेच कळव. सोबत धोक्याच्या चित्रांच्या चिकटपट्ट्या पाठवते. गिरणीतल्या रसायनांच्या पिंपांवर लाव. आप्पांना नमस्कार, तुझ्या पोरीला पापा.

लोभ आहेच, पण उत्तराला उशीर केलास तर त्याचा काही भरवसा नाही.

तुझी ताई


ता. ७ मार्च

ती. मास्तरीणबाईंस, म्हणजे आमच्या ताईस, सा. न. वि. वि.

चिकटपट्ट्या पोचल्या. कवटीची पैलवानाने मॅनेजरच्या दारावर लावली आणि आगीची कँटीनच्या चहाच्या किटलीवर. सगळे म्हणाले, गिरणीत पहिल्यांदा काहीतरी बरोबर जागी लागलं. (आमचा पैलवान म्हणजे काडी आहे, फुंकर मारली तर उडेल. नाव कोणी ठेवलं देव जाणे.) मॅनेजर आधी हसला, मग त्याने ती फाडली. पण एक सांगतो, दुसऱ्या दिवशी पैलवानच हळूच माझ्याकडे आला आणि त्या मेलेल्या माशाच्या चित्राचा अर्थ विचारून गेला. म्हणजे तुझी मेहनत अगदीच पाण्यात गेली नाही.

हौद पंचवीस तारखेला. मोठी ऑर्डर आली आहे, त्यामुळे मालकाला घाई. लगदा तीन आठवडे तसाच पडून आहे. दरवर्षीप्रमाणे आप्पांना न्यायला गाडी येणार. त्यांनी सदरा आत्ताच इस्त्रीला दिलाय. ताई, तू ते पाहिलेलं नाहीस. वर्षभर हा माणूस खिडकीशी बसून रस्ता बघतो. त्या एका दिवशी सगळी गिरणी बाजूला होऊन त्यांना वाट देते. ते हौदाच्या तोंडाशी वाकतात, एक श्वास घेतात, हात वर करतात आणि म्हणतात, उतरा. मग शिडी लागते.

यंदा मी मुकादम झालोय, म्हणजे पहिला मीच. मुकादम वर थांबला तर त्याला कोण विचारतो? आप्पांच्या हुकमावर उतरलेला एकही गडी आजवर आडवा झाला नाही, हेही तुझ्या वहीत लिहून घे. आणि कृपा करून त्या दिवशी इकडे येऊन त्यांचं नाक कापू नकोस.

ताईच्या रागासकट सगळा लोभ हवाच आहे.

धाकटा


ता. १० मार्च

चि. धाकट्यास अ. आ.

आजवर हौद साफ करण्याआधी गिरणी दोनच दिवस बंद असायची, लगदा सडायला वेळच मिळत नसे. कोणी पडलं नाही ते त्यामुळे. आता तीन आठवडे म्हणतोस, आणि तेही हसत. ते वाचून माझी झोप उडाली आहे.

रद्दीच्या ट्रकवाल्याजवळ एक डबी दिली आहे. आमच्या ऑफिसची आहे, गॅस मोजते. दोरी बांधून हळूहळू खाली सोड. आत वाकायचं नाही, डोकंही घालायचं नाही, बाजूला उभं राहायचं. गॅस असला तर ती किंचाळेल आणि लाल दिवा लागेल. गड्यांना भोवती उभं करून हे कर, पण लांब. मी जे शिकवते त्यावर विश्वास ठेवू नकोस हवं तर. कानांवर ठेव.

राग नाही. भीती आहे, आणि दोन्ही सारखीच दिसतात.

तुझी ताई


ता. १५ मार्च

ती. ताईस सा. न. वि. वि.

डबी सोडली. दोरी निम्मीही गेली नव्हती तोच तिने असा टाहो फोडला, की कँटीनमधली माणसंसुद्धा पळत आली. सगळे हसायला लागले. पैलवान म्हणाला, ताईंच्या डबीला माहेरची आठवण आली. आणि मी अडवायच्या आत तो पुढे झाला, तोंडाशी ओणवा झाला, आणि मान वर करून म्हणाला की काहीच वास नाही, डबी बिघडली आहे.

काहीच वास नाही! तू लिहिलं होतंस तेच. कॉलर धरून त्याला मागे ओढला. तो दोन पावलं चालला आणि मटकन खाली बसला. बराच वेळ डोकं धरून होता. नंतर म्हणाला, सकाळपासून पोटात काही नाही म्हणून झालं. बाकीच्यांनी माना डोलावल्या.

मॅनेजरला सांगितलं. हवा खेळवायला मोठा पंखा मागितला. तो म्हणाला, ऑर्डरचा माल गेला की पंख्याचं बघू, आणि ती डबी काही आपल्या कंपनीची नाही, आपल्याकडे आप्पा आहेत.

घरी जेवताना मी विषय काढला. आप्पांनी घास खाली ठेवला. विचारलं, की तू मुकादम माझ्या नाकावर झालास की त्या डबीच्या? मी त्यांच्या ताटात भाकरी वाढली. तू असतीस तर काय सांगितलं असतंस?

मी उतरणार आहे. मी नाही म्हटलं तर पैलवान उतरेल, त्याला दोन लहान मुली आहेत. कमरेला दोर बांधीन. आता रागावू नकोस, नुसता लोभ ठेव.

धाकटा


ता. १७ मार्च

चि. सौ. ताईस अ. आ.

हाताला कंप आहे म्हणून सूनबाईकडून लिहवून घेतो आहे. तू शिकलीस, चार ठिकाणी भाषणं देतेस, ऐकून ऊर भरतो. पण तुझी ती किंचाळणारी डबी परत घेऊन जा. तिने गिरणीत माझं हसं केलं. पोराच्या मनात भीती घातली, आणि भ्यालेला माणूस शिडीवरून घसरतो. तीस वर्षं मी त्या हौदाच्या तोंडाशी उभा राहिलो. माझ्या शब्दावर उतरलेला प्रत्येक जण संध्याकाळी आपल्या पायांनी घरी गेला. याहून मोठं प्रमाणपत्र तुझ्या ऑफिसात छापत असतील तर पाठव.

पंचवीसला मी जाणार. तब्येतीची काळजी नको, माझी नको आणि त्याचीही नको. जावईबापूंना आशीर्वाद.

लोभ तुझा तू मोज, माझा कमी झालेला नाही.

आप्पा

ताई, इथून पुढचं माझं आहे. आप्पांना वरचं तेवढंच वाचून दाखवलं. गेल्या महिन्यात मी शेजारी गेले असताना दूध चुलीवर राहिलं. परत आले तर घरभर धूर, पातेलं काळंठिक्कर, आणि आप्पा पाठमोरे, हातभर अंतरावर रेडिओ ऐकत बसलेले. त्यांना कळलंच नव्हतं. तेव्हापासून मी बघते आहे. ताटातलं छान झालंय की करपलंय, हे ते आधी पोरीच्या तोंडाकडे बघून ठरवतात. माझी खात्री आहे, त्यांना वास येतच नाही. आणि हे त्यांना ठाऊक आहे.

ह्यांना मी सांगितलं नाही. सांगितलं तर हे आप्पांपुढे चकार शब्द काढणार नाहीत आणि उतरायचेही थांबणार नाहीत. हल्ली मी भांडी घासताना ह्यांच्या कमरेला बांधायच्या दोराच्या गाठी मनात मोजते. तुम्हीच काय ते करा.

तुमची भावजय


ता. २० मार्च

ती. स्व. आप्पांस शि. सा. न. वि. वि.

हे पत्र सूनबाई वाचून दाखवेल. मधे तिचा आवाज अडखळला तर तिला रागावू नका. रागवायचं ते माझ्यावर.

मी मॅनेजरला ऑफिसातून फोन केला. तो गोड बोलला. म्हणाला, माणसं आपण होऊन उतरतात, मी कोणाला ढकलत नाही, माणसंच नाही म्हणाली तर मी दोन दिवस थांबेन. म्हणून चोवीसला संध्याकाळी मी येते आहे. बरोबर मोठा पंखा आणि तो चालवणारा माणूस आहे. दोन दिवस हवा खेळवू, डबी गप्प होईपर्यंत. मग कोणीही उतरो, मी स्वतः शिडी धरीन. पण गडी आधी नाही म्हणायला हवेत, आणि ते माझ्या सांगण्यावरून म्हणणार नाहीत. तुमच्या सांगण्यावरून म्हणतील.

आप्पा, तुम्हाला वास येत नाही. हे लिहायला मला तीन कागद लागले. त्यात लाज वाटावी असं काही नाही. जन्मभर त्या हौदाने तुमचं नाक थोडं थोडं खाल्लं, आणि उरलेलं वयाने नेलं. हे ओझं तुम्ही एकट्याने किती दिवस वाहिलंत, या विचाराने मला गलबलून येतं. गेल्या वर्षी हात वर करताना तुमच्या मनात काय चाललं होतं, ते मी कधीच विचारणार नाही.

धाकट्याला मी आजच वेगळ्या पत्रात हे कळवलं आहे. तुमच्यापासून लपवून काही करायचं नाही, म्हणून सांगते. सूनबाई म्हणते तो तरीही उतरेल. मलाही तसंच वाटतं. तुमचा शब्द चारचौघांत पडू नये म्हणून तो मरायलाही तयार आहे, आणि हे त्याला कोणी शिकवलेलं नाही. मी तिथे उभी राहून सगळं ओरडून सांगेनच, पण गडी म्हणतील, शिकलेली लेक बापावर उठली.

तेव्हा पंचवीसला इस्त्रीचा सदरा घाला, गाडीत बसा, तुमचा मान घ्या. हौदापासून लांब उभे राहा, हात वर करा, आणि सगळ्यांसमोर तुमच्या तोंडाने एवढंच सांगा, की मला आता कसलाच वास येत नाही, माझ्या शब्दावर कोणी उतरू नका. तुम्ही नाही म्हणाल हे मला माहीत आहे. तरी मागते आहे.

लोभ राहो न राहो, मी आपलीच.

ताई