मोगऱ्याची बादली

३ मार्च, सकाळी ८
...आणि म्हणूनच निशाताई चुकतेय. फोनवर म्हणे, सम्यक, पप्पांना टाईमवर जेवायला घाल, कचऱ्याचं नंतर बघ. ताईला सायन्सशी काही घेणंदेणं नाही. बोकाशी म्हणजे कचरा नाही. जपानी मेथड आहे. किचनमधलं उरलंसुरलं बादलीत दाबायचं, वर कल्चरवाला, म्हणजे आंबवणारे जिवाणू लावलेला कोंडा भुरभुरायचा, झाकण गच्च. हवा नको. आत सगळं आंबतं. खालच्या नळातून जे पाणी निघतं ते झाडाचं टॉनिक.

झाड एकच. मम्मीचा मोगरा, डिस्टेंपरच्या डब्यातला. मम्मी नोव्हेंबरमध्ये गेली. तेव्हापासून गॅलरीत कुणी फिरकलंच नाही, पानं पिवळी पडलीत. दर चौदा एप्रिलला बाबासाहेबांच्या फोटोला ह्याच मोगऱ्याचा हार असायचा, मम्मी स्वतः ओवायची. यंदा मम्मीच्या फोटोलापण लागेल.
टार्गेट: दोन हार. सहा आठवडे. आरामात.

४ मार्च
पप्पांना पूर्ण प्रेझेंटेशन दिलं. म्हणाले, तुह्या मम्मीनं मोगऱ्याला कधी लोणचं चारलं नव्हतं. मग बादली हातानं हलवून बघितली. मग विचारलं, चौदापर्यंत येतील का रे फुलं? मी म्हणालो, हंड्रेड परसेंट. जितकं जास्त टाकू तितकं जास्त टॉनिक.
(असं कुठं लिहिलेलं नाहीये. पण लॉजिकल आहे.)

९ मार्च
बॅगा मोजायच्या काट्यानं बादलीचं रोज वजन करतो. लॅपटॉपवर ग्राफ. दिवसाला सहाशे ग्रॅम! ऑनलाईन ग्रुपवर दोन माणसांच्या घरात तीनशेच्या वर कुणी नाही. स्क्रीनशॉट टाकला. सतरा लाईक.
नोट: मला स्वयंपाक जमायला लागलाय. पोळ्या अजून लंबुळक्या होतात, पण पप्पा तीन घेतात. चार घडी घालून. एसटीत कंडक्टर होते तेव्हा डब्यात अशाच न्यायचे. माझे ऑफिसचे कॉल संपेपर्यंत त्यांचं उरकलेलं असतं. ताट चकाचक. एकट्यानं जेवायला आवडतं त्यांना.

१४ मार्च
शेजारच्या जमिला खाला दारात. क्या रे सम्यक, अचार डालरा क्या, पूरा जिना महक रा. मी समजावलं, खाला, लोणच्याचा वास म्हणजे सक्सेस. त्यांनी आत पप्पांकडं बघत आवाज खाली केला. राजेंद्रभाई सूख गए रे, देखा क्या? मी म्हणालो, वॉक करतात ना रोज.
खरंच फिट झालेत. काल खिळ्यानं बेल्टला नवं भोक पाडत होते.

१९ मार्च, सकाळी ७
पहिलं टॉनिक!! अर्धा ग्लास. चहाचा कलर.
रूल: एकास शंभर पाणी. नळ आले नाहीत, आज सहावा दिवस. ड्रमात तळाला एक घागरभर असेल. शंभर वगैरे जपानला ठीक आहे. मी एकास दहा केलं. शेवटी लोकल कंडिशन बघायला पाहिजेत.
पप्पा म्हणाले, लई उग्र मारतंय, आणखी पाणी घाल, मी आज आंघोळ नाय करत. मी म्हणालो, पप्पा, ट्रस्ट द प्रोसेस.

२३ मार्च
दोन कळ्या आल्या होत्या. गळाल्या. टॉनिक कमी पडतंय. दिवसाआड देत होतो, आता रोज.

३० मार्च
पानं कडेनं जळाली. ऊन. हिरवी नेट बांधली. पप्पांनी शिडी धरली. शिडी हलत होती. शिडी जुनी झालीये.
निशाताईचा व्हिडिओ कॉल. पप्पांना बघून म्हणाली, कॅमेरा जवळ धर. मग मला म्हणाली, सम्या, जेवतात ना ते? मी ग्राफ दाखवला. फोन कट. नेटवर्क असेल.

५ एप्रिल
बादली फुल. आता दोन आठवडे बंद ठेवायची, मग मातीत. म्हणजे चौदा तारीख निघून जाते. हे गणित आधी करायला पाहिजे होतं.
झाकण लावायच्या आधी वरचा थर दाबायला हात घातला.
पोळ्या. चार घडीच्या. अख्ख्या. माझ्या लंबुळक्या. काढत गेलो तर खाली अजून. पांढरी बुरशी धरलेल्या. बोकाशीत पांढरी म्हणजे चांगली. मधेमधे वांग्याची भाजी, मी केलेली, तशीच. एकविसाव्या पोळीला थांबलो. झाकण लावायचं राहिलंच.
लॅपटॉपवर ग्राफ उघडाच होता. वर वर वर चाललेला.

६ एप्रिल
पप्पांना विचारलं. म्हणाले, भूकच कुठं असते रे आता. ताटात पडून वाया जाण्यापरीस मोगऱ्याला तरी लागलं. तूच म्हणलास ना, जास्त टाकलं की जास्त. अन् काटा वर गेला की कसा खूश व्हायचास तू. मार्क घेऊन घरी आल्यासारखा.
ठरलं: उद्यापासून दोन्ही टाईम मी त्यांच्यासमोर बसून जेवणार. नो लॅपटॉप.

७ एप्रिल
बसलो. अर्धी पोळी खाल्ली त्यांनी. मग माझा कॉल आला, अर्जंट होता, दहा मिनिटं. परत आलो तर ताट चकाचक.

१४ एप्रिल
हार विकत आणले. दोन. मोगरा होता, पण दुकानातला. पप्पांनी पांढरा शर्ट घातला, बेल्ट नव्या भोकाच्याही पुढं. हार घालताना मम्मीच्या फोटोला म्हणाले, यावर्षी भागव.
मी गॅलरीत गेलो. फांदी नखानं खरवडली. आत हिरवं असलं तर जिवंत. तपकिरी. दुसरी. तपकिरी. पार बुडापर्यंत गेलो. मग कोंड्याचं पाकीट शोधून पहिल्यांदा मागची बाजू वाचली. टॉनिक कमी पाण्यात दिलं तर मुळं जळतात. ठळक अक्षरात होतं.
ऊन नव्हतं. मी होतो.

पप्पा मागं येऊन उभे राहिले. म्हणाले, उन्हाळ्यात असाच झोपतो हा. तुह्या मम्मीलाबी वाटायचं, गेला म्हणून. मग फुटायचा. पुढच्या चौदाला बघ.
दुपारी खालांनी खीर पाठवली. पप्पांनी दोन चमचे घेतली. पोळी अर्धीच खाल्ली. उरलेल्या अर्धीची घडी घातली, सावकाश उठले आणि बादलीकडं गेले.

मोगरा मेलाय हे सांगितलं, तर कदाचित ती अर्धी पोळीपण खातील. पण मग सकाळी उठून गॅलरीत कशाला जातील? रोज तेवढ्यासाठीच उठतात.
सांगू का नको?