ट्रंकेतली पाटी

अहो,

सुतार आज दारात उभा राहून विचारत होता, पाटी कुठे ठोकू? मी सवयीने आत वळून पाहिलं, तुम्ही सांगाल म्हणून. दोन वर्षं झाली तुम्हाला जाऊन, तरी अजून वळते. म्हणून लिहायला बसले.

घर घेतलं मी. भाईंदरच्या खारी गावातलं, माडीचं. खाली ओटी आणि स्वयंपाकघर, वर दोन खोल्या, मागे विहीर. जिना करकरतो, कौलं बदलावी लागतील. पण स्टेशन चालत गाठता येतं, आणि सगळं भाईंदर टँकरची वाट बघतं तेव्हाही विहिरीला पाणी असतं. किती जणांचा डोळा असेल अशा घरावर! तुम्हीच नाही का दाखवलंत मला, बाजारातून येताना? "असं घर असावं," म्हणालात, आणि भाजीची पिशवी दुसऱ्या हातात घेऊन चालू लागलात.

सिल्व्हर पार्कचा तो फ्लॅट आठवतो? सगळं ठरल्यासारखं होतं. मग सेक्रेटरीने पेन उघडून पूर्ण नाव विचारलं आणि तुम्हाला एकदम काम आठवलं. रस्त्यावर आल्यावर मला उसाचा रस पाजलात, स्वतः घेतला नाहीत.

भाड्याच्या प्रत्येक खोलीवर तुम्ही नुसतं 'शांताराम आर.' लिहिलंत. पूर्ण नावाची पितळी पाटी, एवढ्या हौसेने करून घेतलेली, ती मात्र ट्रंकेत शालीखाली. "स्वतःच्या घराला लावू," म्हणायचात. पण नाव न सांगता स्वतःचं घर कसं होणार होतं हो? मुलांच्या डोक्यावर छप्पर राहावं म्हणून करत होतात, कळतं मला. तरी थोडा राग येतोच.

एजंट सुरेशभाईंनीही तेच शिकवलं. "भाभी, वहाँ सिर्फ सुनंदाताई बोलना. बाकी मैं संभाल लूँगा." घराची मालकीण जानकीबाय, आगरी म्हातारी, एकटी राहणारी. आता लेकीकडे जायला निघालेली. आम्ही कोकणातले मराठे, असं त्यांनी तिला परस्पर सांगूनही टाकलं होतं. तिने चहा दिला, घर दाखवलं, म्हणाली, "मराठ्यांची बाय हायस, घर नीट ठेवशील."

गप्प राहिले असते तर त्याच दिवशी बयाणा देऊन मोकळी झाले असते. पण मग पाटी? ती पुन्हा ट्रंकेतच ना?

"आजी, मी मराठा नाही," मी म्हटलं. "कांबळे. आम्ही बौद्ध."

सुरेशभाईंनी कपाळाला हात लावला. म्हातारी कप उचलून आत गेली ती बाहेर आलीच नाही. परतताना रस्ताभर ते मला सुनावत होते. एक बिल्डर त्या घरासाठी टपून बसला होता, त्यांचंही खरं होतं. मी घरी येऊन भात लावला. घर गेलं, असं धरून चालले.

आठवड्याने निरोप आला, बाईला एकटीला पाठवा. म्हातारीने बसही म्हटलं नाही. उभ्यानेच विचारलं, "घर पारशील?"

"पाडून बांधायला पैसे कुठून आणू?"

तिने मला आतल्या भिंतीपाशी नेलं. तिथे देवळी होती, दिव्याच्या काजळीने काळी झालेली. "माजं देव मी न्हेनार. तू हितं काय ठेवशील?"

"बुद्धाची मूर्ती."

तिने देवळीतली काजळी बोटाने पुसली. "त्या बिल्डरलाबी इचारलं. तो हसला." मग म्हणाली, "ठेव. पन रिकामी ठेवू नको. हितं दिव्याबिगर सांज झाली न्हाय कदी."

तिचं मन बदललं की नाही, मला ठाऊक नाही. किल्ली देताना ती माझ्या हातचं पाणी प्यायली नाही. पण सही तिने पूर्ण नाव ऐकून केली. मला तेवढं पुरलं.

खरेदीखत मी स्वतः वाचलं, ओळ न् ओळ. वाण्याच्या पुड्यांचे कागद वाचत बसायचे तेव्हा हसायचात ना मला? अडलेले शब्द कारकुनाला विचारले. वैतागला, पण सांगितले त्याने.

शेजारीण विचारून गेली, वास्तुशांत कधी? म्हटलं, रविवारी बुद्धवंदना आहे, खीर खायला या. "बघते," म्हणाली. बघू दे.

पाटी हिरवी पडली होती, चिंचेने घासली. दाराच्या उजव्या बाजूला लावली, रस्त्यावरून वाचता येईल अशी. तुमचं नाव उखाण्याशिवाय कधी घेतलं नाही मी. आज सुताराला मोठ्याने वाचून दाखवलं, सरळ लागलीय ना ते बघ म्हणून.

ती आता उतरणार नाही. घरात सोयरीक येवो नाहीतर पाहुणा, आपण आधी नाव सांगू, मग बाकीचं बोलू. हा शब्द देते तुम्हाला.

सांज झालीय. देवळीत दिवा लावायचा आहे, उठते.

तुमची,
सुनंदा शांताराम कांबळे