बिनवासाचं घर

फुलचूर, गोंदिया
रविवार, २४ नोव्हेंबर २०२४

तीर्थरूप बाबूजी,

राखीचा वाकून नमस्कार. इकडे आम्ही ठीक आहोत. तुम्हीही ठीक असाल असं धरून चालते, कारण विचारलं तर तुम्ही तेवढंच सांगता.

पत्र पाहून घाबरू नका. फोनवर आपलं बोलणं होतच नाही. तुम्ही "बरी आहेस ना बाई?" विचारता, मी हो म्हणते, की लगेच "घे, मायसंग बोल" म्हणून फोन मायच्या हातात जातो. म्हणून लिहायला बसले. पीयूष दोन दिवस बहिणीकडे राहून आज सडक अर्जुनीला परत जाणार आहे, त्याच्याच हाती देते. तुम्ही एकट्यानं वाचा. मायपासून लपवायचं म्हणून नाही. तिला यातलं सगळं माहीत आहे.

धान कापून झालं का? यंदा शेवटचा पाऊस लांबला, तर शेताच्या बांधीत पाणी उभं होतं असं पीयूष म्हणाला. गजेंद्रचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान दिवाळीत बरं चाललं. सासूबाईंचे गुडघे तसेच आहेत. थंडी पडली की जिना उतरत नाहीत.

दिवाळीला तुम्ही पाठवलेली साडी मिळाली. मोरपंखी रंग मला आवडतो हे तुमच्या लक्षात राहिलं. पण बाबूजी, घडी उघडली तर कापड मऊ लागलं, पदराचा रंग थोडा उतरलेला. मी पीयूषला विचारलं, जुनी आहे का रे? तो आधी घडी परत घालायला लागला. मग म्हणाला, "बाबूजीनं दोनदा धुतली. नुसत्या पाण्यानं. दोन दिवस उन्हात टाकली. म्हणत, माह्या हातचा वास नोको जायले पोरीच्या घरी."

नवी साडी कोणी धुतं का बाबूजी?

मी ती साडी मांडीवर घेऊन बसून राहिले. त्या दिवसापासून हे पत्र लिहायचं मनात आहे.

तुम्ही सामान विकून टाकलं हेही मला मायकडून कळलं. अत्तराच्या कुप्या, अगरबत्तीचे पुडे, केसाला लावायचं तेल, सगळं देवरीच्या कोण्या माणसाला देऊन टाकलं आणि आता राइस मिलमध्ये पोती मोजायला जाता. या वयात दिवसभर कोंड्याच्या धुळीत उभे राहता. माय सांगत होती, हायवेवरचे ट्रकवाले अजून घरी येऊन विचारतात, "उमरावजी, वो चंदनवाली है क्या?" आणि तुम्ही आतूनच "बंद केलं" म्हणता.

लहानपणी सौंदडच्या बाजारात तुमच्या गाडीजवळ बसायचे मी. तुम्ही गिऱ्हाइकाच्या मनगटाला काडी टेकवून म्हणायचे, "आत्ता नोका घेऊ. बाजार फिरून या, मंग सांगा, राहिला का वास." अर्ध्याहून जास्त लोक परत यायचे. फसवून एक कुपी विकली नाही तुम्ही.

मागच्या वर्षीचं आता लिहिते. आपण कधीच बोललो नाही त्याबद्दल.

लग्नाला सहा वर्षं झाल्यावर दिवस राहिले, तेव्हा तुम्ही बाजार सोडून फुलचूरला आले होते. जाताना खसचं अत्तर ठेवून गेले, उन्हाळ्यात जीव घाबरला तर रुमालाला लाव म्हणून. मी लावत होते. मला बरं वाटायचं. मग पाचव्या महिन्यात, ऑगस्टमध्ये, सगळं संपलं. पोटात धड दुखलंसुद्धा नाही. तुम्ही बातमी ऐकून बाजारातून तसेच निघून आले. दवाखान्याच्या व्हरांड्यात सासूबाई सगळ्यांसमोर म्हणाल्या, "आत नोका येऊ जी. तुमच्या अंगाचा वास येऊन राहिला. ह्याच वासानं खाल्लं माह्या घरचं लेकरू."

तुम्ही मागे सरकले. "बरं जी, मी बाहेर आहो," एवढंच. खिडकीतून दिसत होते मला. फाटकाजवळ, पावसात, संध्याकाळपर्यंत. मायनं छत्री नेऊन दिली तर ती मिटून हातात धरलेली.

त्याआधी काय झालं होतं ते तुम्हाला माहीत नाही. सासूबाईंनी डॉक्टरांना विचारलं होतं, कशानं झालं? डॉक्टर म्हणाल्या, नक्की कारण सांगता येत नाही. सासूबाई म्हणाल्या, ही रोज सेंट लावत होती. त्यावर डॉक्टर म्हणाल्या, "पुढच्या वेळी उग्र वासांपासून जरा लांब राहिलेलं बरं." एवढंच बोलल्या त्या. व्हरांड्यापर्यंत येईस्तोवर त्याचा निकाल झाला होता.

आणि बाबूजी, मीही मानलं. पूर्ण नाही, पण मानलं. रात्रंदिवस मोबाइलवर वाचत बसायचे. कुठे लिहिलेलं असायचं, सेंटमधल्या काही रसायनांनी गर्भाला त्रास होऊ शकतो. कुठे लिहिलेलं, अजून पक्कं ठाऊक नाही. माणूस घाबरलेला असला की त्याला पहिलंच वाक्य दिसतं.

आता जे लिहायचं आहे ते सकाळपासून लिहू शकले नाही. मध्ये उठून भांडी घासली, सासूबाईंना चहा दिला.

यंदा राखीपौर्णिमेला मी आले नाही. पोळ्यालाही नाही. सासूबाईंचे गुडघे दुखतात, त्यांना सोडून येता येत नाही, असं कळवलं होतं. गुडघे तर तेव्हाही दुखत होते, पण कारण ते नव्हतं. मला पुन्हा दिवस राहिले होते.

तुम्हाला सांगितलं नाही. सासूबाईंचं म्हणणं होतं, या खेपेला तुमचा वारा नको. मी नाही म्हणाले नाही. माय दोनदा येऊन गेली, तुम्हाला आमगावच्या मावशीकडे जाते सांगून. तीही म्हणाली, "तुया बाबूजीले आत्ताच नोको सांगू. मांगच्या खेपेपासून मानूस अर्धा झाला. सात महिने पार पडू दे, मंग मीच सांगीन."

आम्ही घर कसं केलं होतं ते तुम्ही पाहायला हवं होतं. एक वास ठेवला नाही. अगरबत्ती बंद, फिनाइल बंद, गजेंद्रचा स्प्रे बंद. पावडर, वासाचं तेल, कपड्यांचा साबण, सगळं सासूबाईंनी पोत्यात भरून बाहेर काढलं. मी बेसन लावून अंघोळ करायची. बाजारातून काही आणलं की गजेंद्र भिंग घेऊन मागचं बारीक अक्षर वाचायचा. 'सुगंध' एवढंच लिहिलेलं दिसलं, आत काय आहे ते लिहिलं नाही, की परत. एकदा 'बिनवासाचं' म्हणून आणलेलं क्रीमही त्यानं फेकलं, कारण वास झाकायला त्यात दुसरा वास घालतात असं त्यानं कुठे तरी वाचलं होतं. शेजारी कोणी धूप घातला तर सासूबाई दुखऱ्या गुडघ्यांनी जिना उतरून जायच्या आणि हात जोडून विझवायला लावायच्या. नवरात्रात देवापुढे नुसता दिवा. देवीला म्हणायच्या, "माय, एवढ्या वर्षी राग नोको मानू."

मला खरंच वाटायला लागलं होतं की या वेळी काही होणार नाही. एवढं सांभाळल्यावर कसं होईल?

दसरा झाल्यावर तिसऱ्या दिवशी गेलं, बाबूजी. पाचवाच महिना. तसंच, न दुखता. पाठीत थोडी कळ, आणि दवाखान्यात पोचेपर्यंत काही उरलं नव्हतं. मुलगी होती.

घरात कसलाच वास नव्हता. तुम्ही वर्षभर उंबऱ्याला आले नव्हते.

गजेंद्रनं मला नागपूरला नेलं. तिथल्या डॉक्टरबाईंनी दोन्ही वेळचं सगळं विचारलं, तपासलं. म्हणाल्या, माझ्या गर्भाशयाचं तोंड कमजोर आहे. बाळाचं वजन वाढलं की ते वेळेआधी उघडतं, म्हणून दोन्ही खेपा पाचव्या महिन्यात आणि विशेष न दुखता. आधी कळलं असतं तर टाका घालता आला असता. पुढे दिवस राहिले तर तिसरा महिना संपता संपता टाका घालतात, पुष्कळदा लेकरू टिकतं म्हणाल्या.

मी त्यांना अत्तराचं विचारलं. तुमचंही सांगितलं. फाटकाचंसुद्धा सांगितलं, का कोण जाणे. त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "सावधगिरी वेगळी आणि कारण वेगळं. गरोदरपणात बंद खोलीत धूप, रूम फ्रेशनर नको, सेंट कमी, खिडक्या उघड्या, हे मी सगळ्यांनाच सांगते, पुढेही सांगेन. पण तुमची बाळं वासानं गेली नाहीत. रुमालाला लावलेल्या अत्तरानं गर्भाशयाचं तोंड उघडत नाही. तुमच्या वडिलांना हे माझ्या नावानं सांगा."

म्हणून सांगते आहे. तुमच्यामुळे नाही झालं, बाबूजी. पहिलंही नाही, दुसरंही नाही. हे कळायला मला दुसरं लेकरू घालवावं लागलं, याचं काय करायचं ते मला समजत नाही. कधी वाटतं सुटल्यासारखं, आणि सुटल्यासारखं वाटतं याचीच लाज वाटते.

सासूबाईही नागपूरला सोबत होत्या, त्यांनी सगळं ऐकलं.  घरी आल्यावर जेवायला बसल्या आणि ताट सरकवून म्हणाल्या, "तुया बाबूजीले आता मी काय तोंड दाखवू?" मी त्यांचं ताट परत जवळ सरकवलं. मला त्यांचा राग येतो, बाबूजी, आणि येतही नाही. त्यांनी माझ्यासाठी जिने उतरले आहेत. परवा त्यांनीच गजेंद्रला म्हटलं, "उमरावजीले घेऊन ये. मी माफी मांगीन नाही तर नाही मांगीन, पण त्याहीले आत आणून बसव." त्यांच्या तोंडून एवढंच निघतं. तुम्हाला पुरेसं वाटेल की नाही, तुम्ही ठरवा.

पुढचं अजून ठरलं नाही. गजेंद्र म्हणतो आता पुरे, आपण दोघंच बरे. मला कधी टाका घालावासा वाटतो, कधी नुसतं झोपून राहावंसं वाटतं. माय म्हणते देवावर सोड. कोणावरही सोडायची ताकद राहिलेली नाही.

एक काम मात्र आहे आणि त्यासाठीच हे सारं लिहिलं. गजेंद्रनं मुलीला गावाकडच्या शेतात, तलावाच्या पाळीखाली, बांधाच्या मातीत ठेवलं आहे. पहिलंही तिथेच आहे. मी अजून गेले नाही. बायकांनी जाऊ नये म्हणतात. गजेंद्र नेईन म्हणतो, पण तिथलं नाव काढलं की तोच दुकानाकडे निघून जातो. मला जायचं आहे आणि मला तुमच्यासोबत जायचं आहे. तुम्ही आजोबा आहात त्यांचे. तुम्हाला कोणी सांगितलं नाही म्हणून ते नातं काही जात नाही.

पुढच्या रविवारी गजेंद्र मोटरसायकल घेऊन येईल. त्याला रिकामं पाठवू नका. तिथे गेल्यावर मी रडले तर समजावू नका, आणि तुम्हाला रडू आलं तर तोंड फिरवू नका. दोघांनी थोडा वेळ बसू, मग घरी येऊ. स्वयंपाक सासूबाई करणार आहेत.

तुमची लेक,
आणि दोन लेकरांची आई,
राखी