शेरा: कारिन्योसो

२ ऑगस्ट, शनिवार
इंदिरानगरच्या स्पॅनिश क्लासमध्ये आजचा शब्द: कारिन्योसो. म्हणजे प्रेमळ. मुग्धा टीचर म्हणाल्या, घरातल्या कुणालाही हे विशेषण लावून वाक्य करा. मी विचारलं, पुरावा काय जोडायचा? छत्तीस वर्षं सरकारी कारखान्यात हाताखालच्यांचे गोपनीय अहवाल लिहिले. पुराव्याशिवाय कुणाला 'उत्तम' शेरा दिला नाही. पुराव्यानेही फारसा नाही.

१७ तारखेला केतकीच्या होणाऱ्या सासू-सासऱ्यांशी पहिला व्हिडिओ कॉल, थेट स्पेनहून. प्रत्येकाची ओळख एका विशेषणात. लेकीच्या सासरी माझं पहिलं इम्प्रेशन! वाक्य ठरलं: सोय कारिन्योसो. मी प्रेमळ आहे.

३ ऑगस्ट
वासंतीकडे माझ्या प्रेमळपणाची तीन उदाहरणं मागितली, तारखेसह. बायको म्हणून तिच्याकडे रेकॉर्ड असणारच. कानडी वळणाने म्हणाली, स्वल्प थांबा, आठवते. भाजी निवडून झाली, आमटी झाली, जेवणं झाली. अजून आठवते आहे.

५ ऑगस्ट, पहाटे ५.४०
रेकॉर्ड नसेल तर तयार करावं. वासंतीच्या आधी उठून कॉफी करायला घेतली. फिल्टर सापडेना, म्हणून तिला उठवलं. कॉफी तिने केली. कल्पना माझी होती, हे नोंदवून ठेवतो.

९ ऑगस्ट
केतकीला निव्वळ प्रेमाने फोन. तिने पाठवलेल्या कॉलच्या कार्यक्रमातल्या अकरा चुका सांगितल्या. ती म्हणाली, बाबा, तुम्ही त्या दिवशी नुसते हसा. नुसतं हसून प्रेमळपणा सिद्ध कसा होणार?

१२ ऑगस्ट
वासंतीला 'मुय' शिकवलं. म्हणजे 'खूप'. या वयात तिला स्पॅनिश जमेलसं वाटत नाही.

जाता जाता तिने आठवण काढली, केतकी इंजिनिअरिंगला पहिली आली तेव्हा मी विचारलं होतं, गणितातले चार मार्क कुठे गेले? विचारलं असेल. पण त्या दिवशी मी अख्ख्या डिपार्टमेंटला पेढे वाटले होते. केतकीला सांगायचं राहून गेलं. मग इतकी वर्षं गेली की सांगणं विचित्र वाटायला लागलं.

१६ ऑगस्ट
क्लास बुडाला. हेब्बाळच्या घरून निघताना रिक्षावाल्या मंजुनाथला सर्व्हिस रोडनेच घ्यायला लावलं. तो म्हणाला, खोदकाम आहे सर. मी म्हणालो, या गावात तुझ्या जन्माआधीपासून आहे. तो कानडीत 'सरी' म्हणाला, म्हणजे बरं. खोदकाम होतं. दीड तास अडकलो. तरी रस्ता माझाच बरोबर होता.

१७ ऑगस्ट, रविवार
कॉल झाला. ऐन वेळी केतकीने ठरवलं, ओळख ती स्वतःच करून देणार. आईला तिने माझा शब्द देऊन टाकला. कारिन्योसा! मग माझ्याकडे पाहून म्हणाली, तेर्को. सगळे हसले. विहीणबाई डोळे पुसेपर्यंत हसल्या. काहीतरी भारदस्त असणार म्हणून मी हात जोडून आभाराचं ग्रासियास म्हटलं.

नंतर डिक्शनरी पाहिली. तेर्को: हट्टी.

वाईट वाटलं. पण प्रतिकूल शेऱ्याविरुद्ध अपील करता येतं, नियम आहे. दोन पानी अपील लिहिलं, पेढ्यांच्या प्रसंगासह. वरिष्ठ अधिकारी म्हणून वासंतीपुढे ठेवलं. तिने चष्मा लावून सगळं वाचलं. पेढ्यांचा परिच्छेद दुसऱ्यांदा वाचला. म्हणाली, हे तेवढं केतकीला पाठवा, आजच.

मग माझंच पेन मागून घेतलं आणि 'तेर्को'च्या आधी सुवाच्य अक्षरात लिहिलं: मुय.