काळ्या चौकटीतलं नाव

प्रिय निझार,

तुझा पत्ताच नाही, म्हणून हे पत्र माझ्याजवळच राहणार.

बैरूतच्या कंपनीत मी ज्यूसच्या खोक्यांची डिझाइनं करायचो, तेव्हा तूच टोचायचास, "साहेबांची हांजी हांजी पुरे, स्वतःचं काहीतरी कर." सोडली नोकरी. आता बैरूतहून परत आपल्या लेबनॉनच्या त्रिपोलीत, घरी बसून मिळेल ते काम करतो. जास्त येतात ती निधनाची पत्रकं, आपल्या गल्लीच्या भिंतींवर लागतात तीच. छापखान्याचा अबू वदीह मोबाइलवर नाव पाठवतो, मी ते काळ्या चौकटीत बसवतो.

तू होडीतून इटलीला निघालास, तेव्हापासून फोन वाजला की आधी ते नाव तुझं नाही ना, हे बघतो. आज नाव आलं, निझार. पुढचं बापाचं नाव बोटाखाली झाकलं, मग हळूच बोट सरकवलं. बाप दुसराच निघाला. मी मोठ्यानं हसलो रे, कुणाच्या तरी मरणावर.

पत्रक करून पाठवलं. लगेच अबू वदीहचा फोन.

"शुद्धीवर आहेस ना? खाली मयताचा भाऊ म्हणून तुझंच नाव टाकलंयस."

खोडलं. पण बोटांनी ते आपसूक लिहिलं होतं.

फोन कर. शिव्या दे हवं तर.

तुझा भाऊ (हे लिहायलाही आज भीती वाटतेय),
रशाद